देवगावच्या मामींची बाबागाडी

दुकानदाराच्या तोंडावर त्याच्या मालाची तारीफ करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझी सासू निघाली. औरंगपुऱ्याच्या मंडईत मी भेंडीचे शेंडे मोडून मोडून, "जून आहे, जून आहे," म्हणत भाव निम्म्यावर आणलेला असायचा. मग डोक्यावरचा पदर सावरत त्या मागून म्हणायच्या, "काय कवळी भेंडी हाय गं माय. सकाळचीच तोडलेली दिसती." भाजीवाली माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. त्यांच्याकडे बघून हसायची आणि मूळच्या भावाने तराजू धरायची. असं एकदा नाही, दरवेळी. त्यांना सोबत घेऊन बाजाराला जाणं म्हणजे छत्री उघडून उलटी धरणं.

मला हे सहन होण्यासारखं नव्हतं. मी करमाडहून शहरात आलो तो अंगावरच्या कपड्यांनिशी. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलली, मग टाकून दिलेली पोती गोळा करून, रफू करून विकली, आणि त्यातून बारदान्याचं स्वतःचं दुकान टाकलं. कुणाला पटो न पटो, पण चांगल्या पोत्याला फाटकं म्हणून घेणं आणि फाटक्याला चांगलं म्हणून विकणं, एवढ्या एका विद्येवर ते दुकान उभं राहिलं. आणि ही विद्या माझ्याच घरातली बाई चारचौघांत उधळून लावायची.

त्या देवगाव रंगारीच्या. जावयाने सासूला मामी म्हणावं ही आमच्याकडची रीत, म्हणून माझ्या त्या मामी. आणि मोंढ्यामागच्या आमच्या गल्लीला देवगावच्या मामी. त्या जुन्या वळणाच्या होत्या, जावयाशी थेट बोलत नसत. काही सांगायचं झालं तर माझ्या थोरल्या मुलीला, सुमनला, निरोप देत. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेला असलो तरी, "सुमे, तुझ्या बापाला म्हणावं, भाकर गार व्हायली." सुमन झोपलेली असली तरी निरोप तिच्याच नावाने निघायचा. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो मामी, पोरगी झोपलीय." त्यांनी सुमनच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि तिलाच सांगितलं, "तुझ्या बापाला म्हणावं, हळू बोला, पोरगी झोपलीय."

सुमन दीड वर्षाची असताना तिला ताप आला, आणि उतरताना दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. चौथं वर्ष लागलं तरी ती हातांवर सरकत होती, नाहीतर आईच्या कडेवर. माझी बायको कमल तिला एक दिवसाआड सरकारी दवाखान्यात मालिशला आणि व्यायामाला न्यायची. डॉक्टर म्हणाले होते, हे सोडू नका, सोडलं नाही तर पुढे लोखंडी पट्ट्यांचे बूट बसवता येतील, पोरगी उभी राहील. त्यातच कमलला पुन्हा दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला बजावलं, आता वजन उचलायचं नाही. सुमनच्या दवाखान्यामुळे कमलला बाळंतपणाला माहेरी जाता येईना, म्हणून मामी देवगावहून आमच्याकडे आल्या.

त्याच सुमाराला करमाडहून माझा थोरला भाऊ आला. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, आणि मग तो मुद्द्यावर आला. "बाळ झालं की सुमीला माझ्याकडं दे. ओसरीवर बसून राहील, दोन घास खाईल. तू धंदा बघशील का हे ओझं उचलशील?"

"आणि दवाखाना?" मी विचारलं.

"पाय का परत येणार हाईत? कमलला दोन-दोन लेकरं उचलता येणार हाईत का, ते सांग."

मी फार मोठ्याने बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कमल भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत होती. सुमन मधोमध बसून सगळं ऐकत होती. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारामागून आवाज आला, "सुमे, काकाला म्हणावं, आपण बाबागाडी घेणार हाओत."

भाऊ हसला. "बाळ जन्मायच्या आधी आपण पाळणा घरात आणीत नाही, मामी. गाडी कशी आणता? एवढं तरी बघा."

"काकाला म्हणावं, गाडी तुझी हाय. तुझी गाडी आजच आणता येती. मागून येणाऱ्याला तीत जागा द्यायची का नाय, ते तू ठरीव."

सुमनने निरोप सांगितला नाही. तिने फक्त विचारलं, "माझी?"

भाऊ म्हणाला, बारशाला येतो, तेव्हा सुमीला घेऊन जातो. एवढी मुदत देऊन तो गेला.

आम्ही गाडी बघायला निघालो तेव्हा मामींनी सोबत पाट्यावरचा वरवंटा घेतला. त्याला धुवट कापडात गुंडाळलं आणि वर टोपडं बांधलं. मी विचारलं हे काय, तर सुमनला म्हणाल्या, "रिकामा पाळणा हलवू नये, तशी रिकामी गाडी ढकलू नये. बारशाला आधी वरवंटाच पाळण्यात घालत्यात का नाय?" त्यांचं म्हणणं, गाडीत सुमन बसेल आणि मांडीवर वरवंटा घेईल, म्हणजे दोघांचं वजन कळेल. रिक्षात मी एका बाजूला, मामी दुसऱ्या बाजूला अंग चोरून, आणि मधे सुमन टोपडं घातलेला दगड छातीशी धरून, अशी आमची वरात निघाली.

गुलमंडीवरच्या दुकानात एक उंच, चकचकीत, छत्रीवाली गाडी होती. मला पसंत पडली, म्हणून मी तिला नावं ठेवायला सुरुवात केली. मामींनी सुमनला तीत बसवलं. गाडी तान्ह्या बाळाला निजवायची होती. सुमनला बसल्यावर नुसती छत्री दिसत होती. मामींनी तिला उचलून घेतलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "लई सुंदर हाय बाबा. पण हितून हिला आभाळबी दिसंना." दुसऱ्या दुकानात मुंबईहून आलेली घडीची गाडी होती, कापडी झोळीची, हलकी. मी म्हणालो हीच बरी, कमलला दवाखान्याच्या जिन्यावरून नेता येईल. मामी खाली वाकल्या. सुमनचे पाय झोळीतून लोंबत चाकापाशी जात होते, आणि तिला ते कळत नव्हतं. मामींनी मुकाट्याने तिचा पाय चाकापासून सोडवला. त्या दुकानदाराचीही तारीफ झालीच.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आमचे शोध वेगवेगळे आहेत. मी बाळासाठी गाडी बघत होतो, जीत सुमनलाही कुठेतरी कोंबता येईल. त्या सुमनसाठी बघत होत्या.

शेवटी छावणीत एक जुन्या सामानाचं दुकान सापडलं. बदली झालेल्या साहेब लोकांची कपाटं, पलंग, आरसे घेऊन विकणारे एक म्हातारे चाचा होते. मागच्या बाजूला, गाद्यांच्या ढिगाआड, निळ्या रंगाची एक जुनी भक्कम गाडी उभी होती. मोठी तारांची चाकं, खाली स्प्रिंगा, एका चाकाचं रबर गेलेलं. आमचा वरवंटा बघून चाचा म्हणाले, "अम्मा, ये पत्थर कायकू लाये?"

"पत्थर नाय बाबा," मामी म्हणाल्या, "ह्यो येणारा हाय."

चाचांनी मान डोलावली, जणू हे रोजचंच. "बैठाव फिर दोनों को."

मी त्या दिवशी फार चांगल्या रंगात होतो. गंज दाखवला. रबर दाखवलं. छत्रीच्या कापडाला बोट घातलं तर ते आरपार गेलं. चाचा हळूहळू खाली येत होते आणि अजून एका पायरीवर मी त्यांना उतरवणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात मामींनी गाडीच्या तळाची एक फळी उचलली. खाली खोलगट खण होता, पाय सोडायला. सुमनला बसवलं तर तिचे पाय त्या खणात सरळ उतरले, आणि ती खुर्चीत बसल्यासारखी ताठ बसली. समोरच्या बाजूला फळीवर वरवंटा आडवा निजवला. सुमनने आपणहून त्याचं टोपडं नीट केलं.

"हीच," मामी म्हणाल्या. "माझ्या सुमीसाठीच केल्यावानी हाय. असली गाडी मी उभ्या जन्मात बघितली नाय."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दया होती, आणि मला दया आवडत नाही. ते चढून मूळच्या भावावर जाऊन बसले आणि मी पैसे टाकले.

रिक्षात गाडी मावेना. छावणीपासून मोंढ्यापर्यंत ढकलत न्यायची ठरली. मी रागाने पुढे चालत होतो, मागे मामी गाडी ढकलत होत्या. भडकल गेट ओलांडल्यावर माझा तोल सुटला. भर रस्त्यात वळून म्हणालो, "मामी, एकदा, आयुष्यात एकदा वस्तूला वाईट म्हणालात तर तुमचं काय जातं?"

त्या थांबल्या. पदर पुढे ओढला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी निरोप कुणाकडे दिला नाही.

"जावई, मला बघायला आले तवा माझ्या सासऱ्यानं माझ्या नाकाला नाव ठिवलं. रंगाला ठिवलं. चालून दाव म्हणले, मग चालीला ठिवलं. मी समोरच उभी. माझा बाप एकेका नावागणिक हुंडा वाढवीत गेला. पुरता वाढला, मग घेऊन गेले. पसंत होते मी पहिल्यापासून, नंतर सासूनंच सांगितलं. पण बोललेलं काय पुसतंय? जी वस्तू घरात न्यायची तिला नावं ठिवून मी नेत नाय. आन आज तर गाडीत लेकरू बसलं हुतं. तिच्यादेखत कसं म्हणू, ही मोडकी हाय, गंजकी हाय? तिला काय कमी ऐकू येतं का लोकांचं?"

एवढं बोलून त्यांनी गाडी पुढे घेतली. मी बाजूला झालो. त्या गेल्या आणि मी मागून चालू लागलो, म्हणून मला बघायला मिळालं. कडेवर असायची तेव्हा लोक कमलशी बोलायचे, सुमनच्या डोक्यावरून. "काय झालं हो पोरीला?" आता त्या गाडीत ती रस्त्याकडे तोंड करून ताठ बसली होती, आणि लोक वाकून तिलाच विचारत होते. एका पानवाल्याने विचारलं, "बाळाचं नाव काय गं?" सुमन म्हणाली, "अजून यायचंय."

मुलगा झाला. बारशाला भाऊ जीप घेऊन आला, मागे गादी टाकून. करमाडला ओसरीवर बाजही घातलीय म्हणाला. पाळण्याचं सगळं आटोपलं तशी मामींनी निळी गाडी अंगणात आणली, खणात पाय सोडून सुमनला बसवलं आणि बाळ तिच्यासमोर निजवलं. गाडीच्या दांड्याला सुती दोरी बांधली होती. सुमन ती हातात धरून झोके द्यायची, आणि रडणारं पोर गप व्हायचं. आठ दिवस आजी-नातीने मिळून तालीम केली होती, हे मला तेव्हा कळलं.

भाऊ म्हणाला, "चल सुमे."

सुमनने दोरी ओढत सांगितलं, "मला बाळ आहे."

मामी दारात होत्या. मी काही बोलायच्या आधी कमल म्हणाली, "भाऊजी, आम्ही दोघं लेकरं इथंच सांभाळू. जीप तशीच न्या." कमल दिराच्या समोर मान वर करून बोललेली मी पहिल्यांदा बघितली. भाऊ जाताना जीपमधून म्हणाला, "उचल मग जन्मभर ओझं." त्या शब्दाचा माझा हिशोब अजून मिटलेला नाही. लोक म्हणतात, त्याच्या मनात वाईट नव्हतं. नसेल. मी अजून त्याच्याकडे पाणी पीत नाही.

सव्वा महिना झाल्यावर मामी देवगावला गेल्या. गाडी मात्र पाच-सहा वर्षं चालली. आधी कमल ढकलायची, दवाखान्यात आणि मग बालवाडीत. बाळ चालायला लागल्यावर तो ढकलायचा, आपल्या बहिणीला, आणि वळणावर तिचा ओरडा खायचा. चौथीत असताना सुमनला पट्ट्यांचे बूट बसले. मामी दिवाळीत आल्या की तिला अंगणात चालायला लावायच्या, आणि गल्लीतल्या बायकांना हाका मारून बोलवायच्या. "या, बघा, माझी सुमी कशी चालती." मी लाजायचो. सुमन नाही.

ती शिक्षिकेचा कोर्स करत होती तेव्हा देवगावहून मामी गेल्याचा सांगावा आला. कमल धाकट्याला घेऊन आधीच तिथे गेली होती; सुमनने आणि मी पहिली बस पकडली. फाट्यावर उतरलो तर मामींचा धाकटा मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता. म्हणाला, "दाजी, सगळी जमलीत, उन्हं चढायलीत, तिरडी बांधून झालीय. सुमीला मागं बसवा, पटकन नेतो. नाहीतर मी उचलून घेतो."

सुमन म्हणाली, "नको मामा. मी चालत येते."

फाट्यापासून गावाची वाट चढाची, खडीची. एक बूट पुढे, मग दुसरा. मी बाजूने चालत होतो आणि हात मागे बांधून घेतले होते, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा दारात गर्दी दिसली. खांदेकरी वाकले होते. कुणीतरी म्हातारा म्हणाला, उचला आता, कुणासाठी थांबायचं? मामींची थोरली जाऊ उंबऱ्यात बसली होती. तिने तिथूनच हात वर केला.

"थांबा," ती म्हणाली. "सुमी चालत यायलीय."

खांदेकरी सरळ उभे राहिले. सगळं देवगाव गल्लीकडे तोंड करून उभं राहिलं, आणि सुमन त्यांच्यामधून तिच्या वेगाने चालत गेली.