वाघ, बाण आणि ताट

माझ्या ताईच्या लग्नाला वऱ्हाड उशिरा आलं, त्याला कारण मी काढलेलं एक चित्र होतं. चित्र सुंदर होतं, हे मी आजही कोणालाही सांगायला तयार आहे (कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी).

मी नागपूरला एका ऑफिसात नोकरी करतो. किचकट माहिती रंगीत चित्रांत अशी बसवायची, की बघताक्षणी कळावी, हे माझं काम. याला इन्फोग्राफिक म्हणतात. आमच्या चिमूरकडच्या गावात मात्र 'हा कम्प्युटरवर चित्रं काढतो' एवढीच माझी ख्याती.

लग्न गावच्या विहारासमोर, मांडवात. अहेरीहून वऱ्हाड पहाटेच निघणार होतं. त्यांना रस्ता कळावा म्हणून बाबांनी कागदावर लिहून ठेवलं होतं, की फाट्यावर सिमेंटचा वाघ दिसला की उजवीकडे वळा, पुढे विहाराजवळ लग्न, बाजूला जेवण. मी हसलो. म्हटलं, बाबा, आता कोणी वाचत नाही, लोक बघतात.

"पाय बुवा, तुले जास्त समजते," बाबा म्हणाले.

मग मी जीव ओतून चित्र काढलं. फाट्यासाठी वाघ. तोही आमच्या सिमेंटच्या वाघासारखा शेपूटतुटका नाही, चांगला जबडा उघडलेला! नजरेत भरावा म्हणून त्याच्याभोवती लाल वर्तुळ. वाघापासून निघालेला बाण. बाणाच्या टोकाशी माणसांचा घोळका, म्हणजे लग्न. शेवटी ताट आणि चमचा, म्हणजे जेवण. अक्षर एकही नाही, कारण शब्दांवाचून कळलं पाहिजे हाच तर आमच्या धंद्यातला मोठेपणा! लग्नाच्या दिवशी सकाळी ते मी नवरदेवाच्या मामांना पाठवून दिलं.

आता आमच्या भागात सकाळी मोबाइलवर लाल वर्तुळातला वाघ आला, की त्याचा अर्थ एकच. वाघ कुठे दिसला, कुठे जायचं नाही, हे गावोगावचे लोक एकमेकांना असंच कळवतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण चित्राच्या नादात डोक्यातून गेलं. त्यात मामा निवृत्त वनरक्षक. त्यांनी माझं चित्र सरळ वाचलं: वाघ निघाला, माणसांत शिरला, जेवला.

मामांनी वऱ्हाडाची बस वाटेतल्या चहाच्या टपरीवर थांबवली आणि कर्तव्य म्हणून चित्र ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर टाकलं. तासाभरात ते फिरत फिरत आमच्याच गावात परत आलं. शेजारच्या गावचे पाहुणे घरीच बसले. आचाऱ्याने भाजीखालचा जाळ ओढला आणि आपली माणसं घेऊन विहारात जाऊन आतून कडी लावली. लग्न लावणारे बौद्धाचार्य बाहेर आणि आचारी आत! एवढ्यात वनखात्याची जीप आली आणि पिंजरा ठेवायला मांडवात जागा आहे का, अशी चौकशी सुरू झाली.

ताई पांढऱ्या साडीत तयार होऊन बसली होती. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. हिचं लग्न आपण मोडलं, असं मला खरोखर वाटलं.

शेवटी मामांचाच बाबांना फोन आला. "भाऊ, वाघ कुठी हाये आता?"

"फाट्यावरच हाये. कईपासून तिथीच बसला हाये," बाबा म्हणाले. "सिमेंटचा हाये तो."

मंग ताट काऊन काढलं, असं मामांनी विचारलं. बाबांनी फोन माझ्या हातात दिला. मी घाईघाईने सांगितलं, की मामा, ते ताट पाहुण्यांचं आहे.

"तेच तं समजलं आमाले," मामा म्हणाले. "म्हणूनच थांबलो."

बाबांनी फोन परत घेतला, आपलं ते कागदावरचं वाक्य मामांना शांतपणे वाचून दाखवलं आणि मला म्हणाले, "चित्र राहू दे. तूच जाऊन उभा राय फाट्यावर, अन् हात दाखव."

भर उन्हात मी सिमेंटच्या वाघाला टेकून, वळायच्या बाजूला हात लांब करून उभा राहिलो. बस आली. मामा उतरले, त्यांनी छत्रीने वाघाची पाठ ठोकून पाहिली, मगच बस आत वळू दिली. लग्न छान लागलं. आचाऱ्याला बाहेर काढायला तेवढा वेळ गेला.

फोटोग्राफरही त्याच बसमध्ये होता. त्यामुळे ताईच्या अल्बममध्ये पहिलाच फोटो फाट्यावरचा आहे. त्याखाली एक अक्षर लिहिलेलं नाही, तरी बघणाऱ्याला सगळं लगेच कळतं. डावीकडे वाघ, उजवीकडे गाढव.