शेवग्यावरची सुरगाठ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेवग्याच्या झाडाला पातळ नेसवणं. नेसवणं हा हिचा शब्द. मी म्हणायचो, झाकणं.

त्या संध्याकाळी टीव्हीवर हवामान लागलं होतं. आम्ही ते आवाज बंद करून पाहायचो. मी चौथी शिकलेला, ही तेवढीही नाही. इंग्रजी कानावरून जायचं, मग ऐकायचं कशाला? नकाशा समजतो, आकडे समजतात. आकड्याआधी आडवी रेघ आली की मायनस, हे हिला माझ्याआधी समजलं. त्या दिवशी नकाशाच्या खालच्या अंगाला, साऊथला, सगळीकडे बर्फाची चित्रं होती. हवामान सांगणारी बाई बिनबाह्यांच्या झग्यात उभी राहून त्या चित्रांवर हात फिरवत होती.

"पाहा बापा," ही म्हणाली, "लोकांना थंडी सांगून राहिली अन् स्वतः उघड्या हातांनी उभी."

"तिच्या स्टुडिओत हीटर असते."

"मग तिला काय माहीत थंडी काय असते?"

एवढ्यात बाईचा हात वर सरकला आणि आमच्या ऑकलंडवर एकचा आकडा आला. टीव्हीतलं ऑकलंड शहरातलं. आम्ही राहतो शहराच्या कडेला, मनुरेवात, मुलाच्या घरी. तिथं एक म्हणजे मागच्या अंगणातल्या गवतावर फ्रॉस्ट, गोठलेलं दव, पडणारच. ही गुडघ्यावर हात देऊन उठली.

"चला. धरा."

झाड शेजारच्या फिजीच्या बाईनं दिलेलं. दिलं तेव्हा हातभर होतं. इथं दुकानात शेवग्याच्या शेंगा मिळतात, पण त्या फ्रीजरमधल्या. शिजवल्या की तोंडात नुसता चोथा. हिला ताजी शेंग वरणात पाहिजे होती. पहिल्याच हिवाळ्यात फ्रॉस्टनं झाड काळं पडून जमिनीला लागलं. मी म्हणालो, उपट. ही नाही म्हणाली. उन्हाळ्यात बुडातून पुन्हा फुटलं. तेव्हापासून टीव्हीतल्या बाईनं थंडी सांगितली की झाडाला पातळ.

मी भोवती चार काठ्या ठोकून दिल्या होत्या. मी पदराचं टोक धरून उभा राहायचो आणि ही जांभळ्या काठाचं जुनं सुती पातळ घेऊन काठ्यांभोवती फिरायची. मग मनगटाला गुंडाळलेली परकराची नाडी सोडून खालून बांधायची. हिवाळाभर ती नाडी दिवसा हिच्या मनगटाला असायची. मी विचारलं होतं, ही काय नवीन बांगडी? तर म्हणाली, संध्याकाळी लागते, हरवली तर तुम्ही शोधणार आहे का?

मी ट्रक ड्रायव्हर. चाळीस वर्षं नागपूरहून माल नेला. ताडपत्री बांधणं मला कोणी शिकवू नये. हिची गाठ पाहिली की माझं डोकं फिरायचं.

"ही काय गाठ झाली? अशी ताडपत्री बांधली असती तर नागपूरचा माल वर्ध्यापर्यंत रस्त्यानं सांडत गेला असता."

"तुमची गाठ सकाळी मला सुटत नाही. मागं एकदा बांधू दिली तर सुरी आणावी लागली."

"मग मला उठवायचं."

"तुम्हाला उठवायला क्रेन लागते. सोडा आता पदर, झालं माझं."

माझे हात गारठले होते. मी पदर सोडला आणि आत आलो. ही अंगणातच होती, काठ्यांशी वाकलेली. वळून पाहिलं नाही. कशाला पाहीन? रोजचंच होतं.

पहाटे हिच्या छातीत दुखायला लागलं. मुलानं अॅम्ब्युलन्स बोलावली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेली. मनगटाला त्यांनी प्लास्टिकची पट्टी लावली होती. मी ती पट्टी धरून बसलो होतो. शेवटी काय बोलली, असं लोक विचारतात. ऑक्सिजनच्या मास्कमधून काही बोलली नाही. माझ्याशी शेवटचं जे बोलली ते पदराचंच.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मुलानं भाड्याच्या हॉलमध्ये केला. पांढरे कपडे घालून पुष्कळ लोक आले. त्रिशरण म्हटलं, जेवले, माझा हात हातात धरून गेले. घरी आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसतं. झाड पातळ नेसून उभं होतं.

सून माझी चांगली आहे. सकाळी सहाला मोटरवेला लागते, संध्याकाळी येऊन भाकरी थापते. पण तिनं त्या झाडाकडे बोट दाखवलं आणि माझं डोकं सरकलं.

"बाबा, ते काढू का? आईंचं पातळ खराब होईल. धुऊन ठेवते."

"हात लावायचा नाही."

"पण बाबा, झाडाला ऊन पाहिजे."

"सांगितलं ना. हात लावला तर मी या घरात जेवणार नाही."

मुलगा म्हणाला, "बाबा, झाड मरेल."

"मरू दे."

बोललो खरं. मला झाडाचं काही नव्हतं. शेंग तिला खायची होती, मला नाही. मला ती गाठ पाहिजे होती. हिच्या कपाटातले कपडे धुतलेले, घडी घातलेले, सगळ्यांचे हात लागलेले. गाठ मात्र हिनं बांधली तशीच होती. तिला नंतर कोणाचा हात लागला नव्हता. मी रोज अंगणात जाऊन तिच्याकडे पाहून यायचो. हात लावायचो नाही.

टीव्ही लावणं बंद केलं. सात वाजले, हवामानाची वेळ झाली की मी खोलीत जाऊन बसायचो.

एक सांगतो. चाळीस वर्षं मी महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. तेव्हा फोन नव्हते. मी रायपूरला आहे की इंदूरला, हिला माहीत नसायचं. पाऊस लागला की दारात उभी राहायची, असं माझी आई सांगायची. मी कधी विचारलं नाही आणि हिनं कधी बोलून दाखवलं नाही. इथं आल्यावर आठ वर्षं रोज संध्याकाळी आम्ही एका सोफ्यावर बसलो. सगळ्या संसारात इतके सोबत बसलो नव्हतो. ही त्या नकाशाकडे इतकं लक्ष देऊन काहून पाहायची, ते मला ही गेल्यावर समजलं. कुठं पाऊस, कुठं थंडी पडणार हे आधी कोणीतरी सांगतं, याचंच हिला नवल होतं.

तीन आठवडे झाले. पाऊस पडून गेला, मधे दोन-चार दिवस ऊनही पडलं. पातळ ओलं व्हायचं, वाळायचं, पुन्हा ओलं व्हायचं. त्याच्यावर काळे ठिपके आले. एका दुपारी फिजीची बाई कुंपणावरून बोलली.

"काका, ई खोलो. भीतर सड जाई."

मी तोंड फिरवलं. पण तीही माझ्यासारखीच, बोलायचं ते बोलणारी.

"काकी तो रोज सबेरे खोले. घाम निकले तो आके खोले, कपडा तार पे डाले. हम देखा. तुम सुतो तब."

काकी रोज सकाळी सोडायची. ऊन, तिच्या बोलीत घाम, निघालं की यायची, पातळ तारेवर वाळत टाकायची, आणि मी झोपलेला असायचो. शेजारणीनं ते पाहिलं होतं. मी तीन हिवाळ्यांत नुसतं ऐकलं होतं. मी बांधताना रोज असायचो, सोडताना एकदाही नाही. नाडी दिवसा मनगटावर दिसायची, पण ती सोडायला रोज सकाळी कोण गारठतं, एवढं साधं डोक्यात आलं नाही.

मी आत आलो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सून नाश्त्याच्या वेळी फोन पाहून मुलाला सांगत होती. साऊथला समुद्राच्या काठापर्यंत बर्फ येणार, मधल्या डोंगरातला डेझर्ट रोड नावाचा हायवे बंद होऊ शकतो, आपल्याकडं रात्री मायनस. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "मी फक्त सांगून ठेवते, बाबा."

दोघं कामावर गेले. मी अंगणात गेलो आणि त्या गाठीसमोर खाली बसलो. गुडघे वाजले. नाडी भिजून फुगली होती. मला वाटलं, नखं लावावी लागतील, तीन आठवड्यांची गाठ आहे. एक टोक बाहेर लोंबत होतं. मी ते धरलं, थोडंसं ओढलं.

सर्रकन सुटली. हातात नुसती नाडी राहिली.

सुरगाठ होती. सकाळी गारठलेल्या बोटांनी सुटावी म्हणून बांधलेली. आणि मी ती तीन आठवडे जपत बसलो होतो. तिथंच गवतावर बसून रडलो. कुंपणापलीकडं बाईचा नळ चालू होता, तो तिनं बंद केला नाही. बरं केलं.

झाडाचे हाल पाहवत नव्हते. पानं पिवळी होऊन खाली पडलेली, शेंडा काळा आणि मऊ. मी खालून नखानं साल खरवडली. जमिनीपासून बोटभर वर हिरवं काही नाही. आणखी खाली खरवडली तर हिरवी रेघ दिसली.

पातळ धुतलं. माझ्या हातानं, साबण लावून. काळे ठिपके गेले नाहीत. दुपारभर तारेवर वाळवलं.

संध्याकाळी मी टीव्ही लावला, आवाज बंद करून. ती बाई होती, हात उघडेच. साऊथ पांढरा. आमच्यावर एकसुद्धा नाही, शून्य. मी उठलो. सून म्हणाली, "बाबा, पदर धरू?" मी नको म्हणालो. मग दाराशी जाऊन थांबलो आणि म्हणालो, "बरं, ये."

तिनं धरला. मी काठ्यांभोवती फिरलो. ही किती वाकत होती, ते तेव्हा कंबरेला समजलं. गाठ मारायला हात सवयीनं निरगाठीकडं गेले. सोडली, पुन्हा मारली. तीनदा चुकली. सून पदर धरून कुडकुडत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्रेनशिवाय उठलो. सगळं गवत पांढरं होतं, पायाखाली चुरचुरत होतं. कुंपणावर ऊन येईपर्यंत पायरीवर बसलो. ऊन काठ्यांपर्यंत आलं तेव्हा उठलो. टोक ओढलं, पातळ सोडलं, तारेवर टाकलं. नाडी गार होती, ओली होती. ती मनगटाला गुंडाळली आणि आत गेलो.