मागचे दिवे

ऑफिसात तिला सगळे दिवेवाली म्हणत. कंपनीने एका मॉडेलच्या गाड्या परत मागवल्या होत्या, कारण इंजिन तापलं की त्यांचे मागचे लाल दिवे आपोआप विझत, ब्रेकचेसुद्धा, आणि चालवणाऱ्याला आत बसून त्याचा पत्ताच लागत नसे. मालकांना फोन करायचा, गाडी वर्कशॉपमध्ये आणा म्हणून विनवायचं आणि वर बोलणी खायची, हे तिचं काम. "माझी गाडी ठणठणीत आहे," हे तर ती झोपेतही ऐकत असे. मग ती गोडीत सांगे, "घरातल्या कुणाला तरी गाडीमागे उभं करा, ब्रेक दाबा आणि त्यांना विचारा." स्वतःची पाठ कुणाला दिसते का कधी?

पलीकडे रिंग वाजत असताना तिची तंद्री लागे. खिडकीबाहेर धुकं उतरलंय आणि आपण फोन केलेल्या साऱ्या गाड्या त्यातून एकामागून एक, आवाज न करता, काळोख्या पाठी घेऊन चालल्यात, असं तिला दिसे. साहेबांनी टेबलावर टकटक केली की स्वारी जमिनीवर येई.

आणि एके दिवशी स्क्रीनवरच्या मालकांच्या यादीत दादाचं नाव आलं. तिचा सख्खा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा त्याने तिला दुसऱ्या दिवशी कळवलं होतं, सगळं उरकल्यावर. तेव्हा परगावी असलेली ती एवढ्या लांबून एकटी, रडत प्रवास करेल म्हणून, असं त्याचं म्हणणं. वडिलांचा चेहरा तिला शेवटचा बघायला मिळाला नाही. त्यानंतर तिने दादाशी बोलणंच टाकलं.

तिने तो फोन शेजारच्या मैत्रिणीकडे ढकलला. मैत्रिणीने दोन मिनिटांत रिसीव्हर ठेवला.

"गाडी ठणठणीत आहे म्हणे. भारीच हट्टी दिसतोय."

"जन्मापासून," दिवेवाली म्हणाली.

त्या दुपारी तिच्या धुक्यात एकच गाडी होती. मागून ट्रक येत होता आणि ट्रकवाल्याला पुढे काही दिसत नव्हतं. राग होता तिथेच होता. तरी तिने नंबर फिरवला.

"नमस्कार, आपल्या गाडीच्या मागच्या दिव्यांबद्दल बोलायचं होतं."

पलीकडे दादाच होता. आवाज ओळखला होता त्याने.

"बोला," तो म्हणाला.

ती पाठ असलेलं सगळं घडाघडा बोलत गेली. कुणाला तरी मागे उभं करा, इथवर आली तेव्हा तो म्हणाला, "कुणाला करू? तुझी वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. घरात मी एकटाच."

"मी येते," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोलून बसलो, असं तिला झालं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती स्कूटरवरून पोचली. धुकं खरोखरच होतं. कसं काय, बरं आहे, असलं काही बोलणं झालं नाही. दादाने इंजिन तापू दिलं, ती मागे उभी राहिली. लाल उजेड धुक्यात हळूहळू पसरला, बघत राहावा असा, आणि मग मिणमिणून विझला.

"लागलेत ना?" त्याने आतून विचारलं.

"नाही रे दादा."

तो उतरून मागे आला. "आणि मी काल बाजारात जाऊन आलो," एवढंच पुटपुटला. धुकं जरा विरळ होईल म्हणून त्याने चहा केला. चहा संपला तरी धुकं हटलं नाही, तेव्हा तिने हेल्मेट उचललं.

"वर्कशॉपला तू पुढे हो," शेवटी ती म्हणाली. "मी तुझ्या मागे राहते. मागून येणाऱ्यांना माझा दिवा दिसेल."

पहिल्या चौकाच्या बऱ्याच आधी गाडीची काच खाली गेली आणि दादाचा हात बाहेर आला. तळवा खाली, संथ वरखाली होणारा. वेग कमी करतोय. मग सरळ आडवा. वळतोय. मनगट वडिलांसारखंच रुंद. रस्ता मोकळा असो, नुसता खड्डा असो, हात बाहेर येतच होता. भोवती सगळं पांढरं, तरंगतं, आणि त्यात तेवढा एक हात. हा माणूस आता तिला प्रत्येक गोष्ट आधी कळवत होता. हेल्मेटच्या आत ती रडायला लागली, आणि तिला बरं वाटलं.

वर्कशॉपच्या फाटकाशी गाडी थांबली, तरी तो हात आत जाईना. तिने स्कूटर शेजारी नेली आणि तो धरला.