पेटीत ठेव!

माझ्या साक्षगंधाचा मुहूर्त लागला तेव्हा नवरदेवाचं डोकं गाडीच्या डिक्कीत होतं आणि बाकीचा नवरदेव बाहेर.

याला कारण एक पेटी. बाभुळगावात माझं बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानापुढे एक जुनी छोटी गाडी उभी असते. तिची डिक्की एवढीशी, की एक पोतं टाकलं तर दुसऱ्याला तिकीट काढून एसटीनं पाठवावं लागतं. या गाडीत मला सबवूफर (ढुम ढुम वाजणारा मोठा भोंगा) बसवायचा होता. तोही भोकवाल्या पेटीचा! (पेटीला एक भोक ठेवतात, भोकात नळी बसवतात, आतली हवा नळीतून घुमत बाहेर आली की ढुम दुप्पट होतो. एवढं ज्ञान मला मोबाइलवरच्या व्हिडिओंनी दिलं. अक्कल दिली नाही.) राळेगावची मुलगी ठरली होती, साखरपुडा तेवढा बाकी होता. सासरच्या गल्लीला आधी ऐकू आलं पाहिजे की जावई येतोय, असा माझा बाणा होता.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. पेटीचं माप, पेटीची फळी, पेटीला कोणी हात लावू नका! हिशेबानं पेटीत पस्तीस लिटर हवा मावायला हवी होती.

"हवा कशी मोजतं रे बाप्पा तू?" गजूभाऊ सुतारांनी विचारलं.

शेवटी आईचा पाच लिटरचा तेलाचा डबा घेतला आणि पेटीत तूर ओतून मोजली. बरोबर सात डबे! मी तिथंच नाचलो. मग तूर उपसून काढली (कोपऱ्यात राहिली असेल थोडी, कोण पाहतो?) आणि गजूभाऊंनी टेप लावून घसा खाकरला.

"भाऊ, नळी पेटीपरीस लांब हाये."

"मंग?"

"मंग काय? एक तं डिक्की वाढव, नाई तं नळी वाकव."

नळी वाकवली. पाण्याच्या पाइपाला लावतात तो एल्बो मध्ये घातला. भोकाचं तोंड डिक्कीच्या दाराकडे, भोंग्याचं मागच्या सीटकडे, आणि पेटी हातोडीनं ठोकून ठोकून डिक्कीत घातली. "आता हे निंगत नाई," गजूभाऊ म्हणाले, आणि मी ते कौतुक समजलो.

साक्षगंधाच्या सकाळी मी दाढी करत होतो. आईनं आतून विचारलं, "अंगठी कुठी ठेवू रे?"

"पेटीत ठेव!"

माझ्या डोळ्यांपुढे शालू-नारळाची लोखंडी पेटी होती. आईच्या डोळ्यांपुढे काय होतं, ते राळेगावला कळलं. वाटेत डिक्कीतून खर्र खर्र आवाज येत होता. अस्सल बास असाच असतो, असं मी मागे बसलेल्या आत्याला समजावून सांगितलं.

मांडवात भटजी म्हणाले, "अंगठी द्या." मी लोखंडी पेटी उघडली. शालू, नारळ, बांगड्या, हळदकुंकू. अंगठी नाही!

"आई, अंगठी?"

"पेटीत हाये ना!"

"पेटीत नाही."

"ह्या पेटीत नाई रे, तुया पेटीत! लाल थैलीत बांधून त्या भोकात टाकली. म्हटलं, पोरानं दागिन्यासाठी चोरकप्पा मस्त केला!"

मी धावत जाऊन डिक्की उघडली, डोकं आत घातलं, हात भोकात घातला. हात एल्बोपर्यंत गेला आणि तिथं अडकला. मागे मुलीचे मामा येऊन उभे राहिले होते.

"अंगठी आनली नसन तं तसं सांगा ना, जावईबापू! आमी काय खाऊन राह्यलो का तुमाले?"

अर्ध्या मांडवानं माना डोलावल्या. लग्न मोडलं आणि उद्या कोणी कारण विचारलं, तर सांगायचं काय? एल्बो?

"मामा, थांबा! हवेच्या जोरानं थैली बाहेर येईल!" असं म्हणून मी गाणं लावून आवाज पूर्ण वाढवला. ढुम! भोकातून तुरीचा दाणा सुटला तो थेट मामांच्या कपाळावर!

"गोळी मारली बे यानं!"

मामा चिडून घरात गेले आणि दोरीला बांधलेलं चुंबक घेऊन आले. ते भोकात सोडलं. मी डोळे मिटून देवाला विनवत होतो, चिकटू नको रे बाबा! अंगठी चुंबकाला चिकटली असती, तर अंगठी मिळाली असती, बायको नाही. (नाही चिकटली. सोनार देवमाणूस!)

तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या. वर्षा. माझी होणारी, आणि त्या क्षणी न होणारी. एका हातानं पदर सावरत होती, दुसऱ्या हातात तिच्या शिलाई मशीनचा पेचकस.

"ऐका ना, भोंगा इस्क्रूनंच लावला ना तुमी?"

"हो."

"मंग सीट पाडा ना."

महिनाभर त्या पेटीची रेघ न् रेघ मी आखली होती. तिला पुढून दहा इंचांचं दार आहे, हे मला तिनं उभ्या उभ्या सांगितलं! अजून मागच्या सीटवरच बसलेल्या आत्याला उतरवलं, सीट पाडली, वर्षानं आठ स्क्रू काढले आणि भोंगा माझ्या हातात दिला. मग आत हात घातला. पहिली मूठ तूर. ठेवायची कुठे, म्हणून तिनं ती पदरात घेतली. दुसरी मूठ, तीही पदरात. तिसऱ्या मुठीत तूर आणि लाल थैली!

"पाहा वो माय!" तिची आई ओरडली. "पोरीची ओटी आपसूक भरली!"

कपाळ चोळता चोळता मामाही हसले. मला इतकं हायसं वाटलं, की डोळे भरून आले. डोळ्यांत भुसा गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. अंगठी घालताना मी भलतंच बोट धरलं, बरोबर बोट तिनंच पुढे केलं.

आता भोंगा दुकानात धूळ खातो. पेटी स्वयंपाकघरात असते. (ती डिक्कीतून वर्षानंच काढली, कशी, ते विचारायची माझी हिंमत नाही.) भोकात उंदीर शिरू नयेत म्हणून चिंधीचा बोळा, आणि आत वर्षभराची तूर. बरोबर सात डबे मावते. म्हणजे माझा हिशेब कधी चुकलाच नव्हता हो, मी फक्त तुरीच्या कोठीला भोंगा लावला होता!