मी नकार दिला, पण विचारलं कोणी होतं?

वयाच्या बाहत्तराव्या वर्षी मी एका अनोळखी बाईला लग्नाला नकार दिला. तिनं मला विचारलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

झालं असं, की माझी बायको भागरता पोळ्याच्या आधी गेली. तेव्हापासून सून म्हणते, "बाबा भित्तीसंगं भांडून राहिले." खोटं! मी भागरतासंगं भांडत होतो. भिंत मधे आली तर माझा काय दोष?

एक दिवस रमेश, माझा पोरगा, म्हणाला, "बाबा, गोंदियाले एक बाई हाय. तिच्यासंगं बोलून पाहा. मन हलकं होईल."

सुनेनं लगेच नवं धोतर काढलं. मी समजलो! आमच्या सौंदडकडे बायको मेलेल्याचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचा असला की असंच करतात. आधी नवं धोतर, मग 'सहजच' परगाव. (माझ्या मावसभावाला असंच नेलं होतं. येताना दोघं आले.)

गोंदियाला पोचलो. रमेश बाहेर बाकड्यावर बसला. आत बाई एकटी. दवाखाना म्हणावा, तर सुई नाही, नळी नाही, नाडीसुद्धा धरली नाही. नुसत्या तीन खुर्च्या. आणि विचारणं सुरू! झोप लागते का, जेवण जातं का, घरी कोण कोण, शेती कोण पाहतं. अरे, भागरताला पाहायला गेलो तेव्हा मी एवढं विचारलं नव्हतं!

मी हात जोडले. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या, माह्या पोरीच्या वयाच्या. मले पाट लावाचा नाही. दुसरा पाहा!"

बाईनं ओठ घट्ट दाबले. (हसू आवरत होती. मला दिसलं.) "आजोबा, मी मानसतज्ज्ञ आहे. मी लग्नं जुळवत नाही, माणसांचं ऐकते."

"मंग औषध?"

"औषध मी देत नाही. इथं फक्त बोलायचं. इथलं बाहेर जात नाही."

"बोलाले मी गाडीत उभ्यानं आलो? बोलणारे गावात कमी हायेत का?" मी उठलो. इज्जतीचा प्रश्न होता!

"आजी भांडायच्या का हो?"

मी बसलो.

मग सगळं निघालं. भागरतानं दोडक्याचा वेल घराच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, चढवला होता. मी म्हटलं, कवेलू फुटतात. ती म्हणाली, नाही फुटत. मी वेल उपटून फेकला. ती दिवसभर बोलली नाही, आणि पहाटे छातीत दुखून गेली. भांडण अर्धंच राहिलं हो! तेव्हापासून रोज सकाळी तिला पटवून देतो, की माझंच खरं होतं. उत्तर येत नाही. घास उतरत नाही.

बाईनं रिकामी खुर्ची दाखवली. "आजी इथं बसल्यात असं समजा. काय म्हणतील?"

भागरता काय म्हणेल, मला पाठ! मी कमरेवर हात ठेवून तिच्या आवाजात ओरडलो, "अवो रमेशचे बाबा, कवेलू फुटले असते त दुसरे भेटले असते! फुलावर आलेला वेल काऊन उपटला?"

रमेश घाबरून दार उघडून आत आला.

मी जबाब शोधला. डोक्यात शोधला, धोतराच्या सोग्यात डोळे पुसत शोधला. सापडला नाही.

बेचाळीस वर्षांत मी भागरतापुढे एकदाही हार मानली नव्हती. आता दर बुधवारी तिकीट काढून गोंदियाला जातो आणि हरून येतो!