ब्राउझरवाल्यांनी चूक कबूल केली

मंडळी, आज लई भारी वाटतंय, म्हणून लगेच लिहितेय.

तुळजापुरात आमचं छोटं लॉज आहे. भाविकांची ओळखपत्रं आमच्या कॉम्प्युटरवर येतात, म्हणून 'आम्ही कुणाची माहिती घेत नाही' म्हणणारा ब्राउझर मी मुद्दाम टाकला होता. मागच्या आठवड्यात सेटिंग चाळताना दिसलं, की आपण काय शोधतो ते कंपनीला कळवायचं बटण आधीपासूनच चालू होतं.

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या चर्चेच्या पानावर मी सरळ विचारलं, "आम्हाला न विचारता हे चालू का ठेवलं?"

आमचे हे म्हणाले, "एवढी मोठी कंपनी तुझं ऐकणार व्हय?"

पण माझ्या प्रश्नाखाली कुठकुठल्या लोकांनी तेच विचारायला सुरुवात केली. आज सकाळी कंपनीचं उत्तर आलं. चूक कबूल केली आणि ते बटण आधीपासून बंद ठेवणारं नवं अपडेट दिलं. मी लगेच टाकून पाहिलं, बटण खरंच बंद होतं.

ह्यांना काउंटरवरच वाचून दाखवलं. ते हसून म्हणाले, "आता माझ्या मोबाइलचंबी बघ की."

तो ब्राउझर मी काढला नाही. विचारल्यावर खरं सांगणाऱ्यावर माझा भरवसा बसला. तुम्ही असता तर ठेवला असता का?