चार बोटं उघडी खिडकी

अमरावतीचा उन्हाळा फार वाईट, असं आमच्या कॉलेजात पुण्याहून आलेले एक प्राध्यापक उठल्याबसल्या म्हणत, तेव्हा मला त्यांचा राग यायचा. वाईट असतो तो मे महिना. मार्च-एप्रिलचा कोवळा उन्हाळा ज्यानं आमच्या गावात चाखलाच नाही, त्यानं त्याच्याबद्दल बोलूच नये. आणि तो कसा चाखायचा हे शिकायचं असेल तर माझ्या भावाकडून, गोवर्धनकडून शिकावं.

गोवर्धन तेव्हा तेविशीचा. जवाहर गेटजवळ एका दुकानात तो जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचा. थंडीच्या गोधड्या पेटीत गेल्या की याची धावपळ सुरू. नवा माठ आणायचा, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, मग ओल्या रेतीवर मांडून रेतीत ज्वारी पेरायची. आठवड्यात माठाभोवती हिरवे कोंब. बाजारातली पहिली कैरी आमच्या घरी यायची आणि तिखटमीठ लावून तिथंच संपायची. संध्याकाळी भाड्याची सायकल काढून तो मला मागे बसवायचा आणि बडनेरा रोडच्या रसवंतीवर न्यायचा. तिथं याची ऐट पाहावी. आलं जास्त, बर्फ अगदी कमी, आणि कांडकं दुसऱ्यांदा चरकात घातलेलं चालणार नाही. रसवाला वैतागायचा, पण रस मात्र जपून काढायचा.

गल्लीतले लोक त्याला शौकीन म्हणत. माय त्याला सरळ उडाणटप्पू म्हणायची. खरी गोष्ट वेगळी होती. आमचे वडील नत्थुजी रेल्वेत गँगमन. त्यांच्या कमाईत दोघांचं शिक्षण बसेना, तेव्हा सातवी पास झालेल्या या उडाणटप्पूनं आपलं दप्तर माझ्यापुढे ठेवलं आणि सांगितलं की जयवंता शिकेल, मी काम पाहतो. त्यावर पुन्हा तो कधी एक शब्द बोलला नाही. तो बोलत नसे म्हणूनच मला ते जास्त लागायचं.

चौसष्ट साली मी इंटरला दुसऱ्यांदा बसणार होते. पहिल्यांदा नापास झाले ती डोक्यानं नाही, नाकानं. आमच्या खोलीवर टिनाचं छप्पर. एप्रिल लागला की दुपारी माझा घोळणा फुटायचा. नाकातून रक्ताची धार, डोक्यावर ओलं फडकं, हुंगायला कांदा, आणि मी उताणी. परीक्षेआधीचे पंधरा दिवस असे आढ्याकडे पाहण्यात गेले. या वेळी वडिलांनी शांतपणे सांगून टाकलं होतं की पास झाली तर पुढं, नाहीतर कॉलेज बंद. त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणवत नव्हतं.

गोवर्धन पंखा दुरुस्त करायला कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर गेला होता. तिथं व्हरांड्यातून त्यानं पाहिलं की वाळ्याच्या ओल्या ताटीमागे पंखा ठेवला आहे आणि आत साहेब भर दुपारी कोट घालून बसला आहे. झालं. महिनाभर त्याला दुसरं काही सुचेना. कापसाच्या एका जिनिंग कारखान्यानं भंगारात टाकलेला पंखा त्यानं आणला, त्याची मोटार नव्यानं गुंडाळली. रॉकेलचे डबे कापून पेटी केली, तिच्या तीन बाजूंना जाळी ठोकून जुन्या ताट्यांमधला वाळा भरला. वर, बुडाला भोकं पाडलेला डबा, त्यातून पाणी ठिबकत राहणार. पेटी गल्लीकडच्या खिडकीला बाहेरून बसवली. पाणी आणि वीज एकत्र पाहून माय इतकी धास्तावली की लाकडी खडावा घातल्याशिवाय ती कोणाला बटणाजवळ जाऊ देईना.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी त्यानं गल्लीला बोलावलं. आमच्या गावाची रीत अशी, की सकाळी नऊ वाजले की घराची दारं-खिडक्या गच्च लागल्या पाहिजेत. उन्हाची झळ आत आली तर ती बाईच्या निष्काळजीपणामुळे आली असं समजतात. माय तर या बाबतीत तुरुंगाच्या शिपायासारखी. मागच्या खिडकीवर तिनं गोणपाट ठोकलं होतं. त्या दिवशी गोवर्धननं तिच्याही पुढे जाऊन फटीफटीत चिंध्या कोंबल्या. एवढ्या कष्टानं केलेला गारवा त्याला एक कणही बाहेर जाऊ द्यायचा नव्हता.

पंखा फिरला आणि वाळ्याचा तो ओला, गोड वास खोलीभर पसरला. दहा मिनिटं आम्ही बारा माणसं स्वर्गात होतो. मग अंग चिकचिकायला लागलं. खोली दमट झाली, घाम निघायचा पण वाळेना. मायनं पाहुण्यांपुढे ठेवलेले पापड मऊ पडले. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची काच धुरकटली, ती माय पदरानं पुसत राहिली. शेजारचे किसनराव उठले. गल्लीतला एकुलता एक टेबलफॅन त्यांच्याकडे होता आणि ते त्याला जावयासारखं जपत.

"गोवर्धन," ते म्हणाले, "आंघोळच घालाची होती तं साबण तरी द्याचा होता बापा."

सगळे हसले. गोवर्धनही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानातून मुद्दाम घरी आला आणि माझ्यासाठी पुन्हा पेटी लावून पाहू लागला. कधी पाणी कमी कर, कधी वाळा सैल कर. मी अर्थशास्त्राच्या वहीवर वाकले होते. कागद असा ओलसर झाला होता की शाई पसरून अख्ख्या पानाचा काळा डाग झाला. रात्रभर जागून काढलेली टिपणं होती ती. माझ्या रागाला वेळ लागत नाही, तेव्हा तर मुळीच लागला नाही. मी उठले, मागच्या खिडकीचं गोणपाट ओढून फाडलं, चिंध्या उपसल्या आणि तिची दोन्ही दारं भिंतीवर आपटेस्तोवर उघडली. भाजून मरायचं असेल तर निदान कोरडं मरू, असं काहीतरी मी ओरडलेही.

माय धावली. पण ती खिडकीपाशी पोचण्याआधी माझी वही फडफडली. पानं पेटीकडून मागच्या खिडकीकडे उलटू लागली. मानेवरचा घाम थंड झाला, मग नाहीसाच झाला. जणू कोणीतरी खोलीला रोखून धरलेला श्वास सोडायला लावला होता.

गोवर्धन उठला आणि त्यानं खिडकी लावली. गारवा मेला. उघडली, आला. पुन्हा लावली, पुन्हा उघडली. मग तो चौकटीला टेकून खाली बसला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"जयवंते, साहेबाच्या बंगल्याचं मागचं दार उघडंच होतं. मले वाटलं, नोकर लावाले विसरला."

मी इतकी हसले की मला रडू आलं. एवढा हुशार माणूस, सगळं बरोबर पाहून आला, आणि नेमकी जी गोष्ट वऱ्हाडी माणसाच्या डोक्यात बसणारच नाही, तीच गाळून आला.

भर उन्हात खिडकी उघडी ठेवायला माय काही केल्या तयार होईना. तिला हा सरळसरळ वेडेपणा वाटे. शेवटी गोवर्धननं मोजून-मापून ठरवलं की चार बोटं उघडी पुरे, आणि तेवढ्यावर तडजोड झाली. परीक्षेपर्यंतच्या त्या दोन आठवड्यांत माझा घोळणा एकदाही फुटला नाही. दर अर्ध्या तासानं माय खडावा घालून डब्यात पाणी ओतायची आणि मी वाचायचे. पेपर सकाळचे होते. शेवटच्या पेपराच्या दिवशी कॉलेजच्या फाटकापाशी गोवर्धन भाड्याची सायकल घेऊन उभा होता. कसा गेला, असं त्यानं विचारलंच नाही. सरळ रसवंतीवर नेलं.

जूनमध्ये निकाल लागला. वर्तमानपत्रही गल्लीत किसनरावांकडेच यायचं. भर दुपारी ते पेपर हातात घेऊन आमच्या दारात आले, आणि माझा नंबर पास झालेल्यांच्या यादीत, दुसऱ्या वर्गात असल्याचं त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. वडील पाळी संपवून नुकतेच आले होते. त्यांनी तो आकडा तीनदा वाचायला लावला. गोवर्धन पेटीच्या डब्यात पाणी ओतत होता, तो आकडा ऐकतच ओतत राहिला आणि डबा भरून पाणी बाहेर सांडलं. तो क्षण आजही कोणी मागितला तर मी देणार नाही.

किसनराव बसले, गूळपाणी प्याले. थोड्या वेळानं इकडंतिकडं पाहत, आपल्याकडेही अशी पेटी बसवून देशील का, असं त्यांनी गोवर्धनला हळूच विचारलं. तो हो म्हणाला. साबणाचा विषय त्यानं काढला नाही, म्हणून मीही जीभ चावून गप्प बसले. बोलता बोलता किसनरावांची नजर मागच्या खिडकीकडे गेली. जन्मभराची सवय, ते लगबगीनं उठले आणि खिडकी लावायला निघाले.

मायनं हात आडवा धरला.

"राहू द्या, किसनराव," ती म्हणाली. "आमची जयवंता त्याच खिडकीतून पास झाली."